इनायतचाचांनी लग्नात नेलेला सर्व्हर

हार्ड डिस्क विकत घ्यायला आम्ही तिघं गेलो होतो. मी, इनायतचाचा आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष खुशालराव. दुकानदाराने काउंटरवर दोन डिस्क ठेवल्या, तेव्हा खुशालरावांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डिस्क उचलून उलटीपालटी केली आणि विचारलं, "किती दाती हाये?"

दुकानदार अमरावतीचाच, पण पुण्याला शिकून आलेला. तो म्हणाला, "साहेब, एकशे साठ जीबी आहे."

"वय इचारून राह्यलो मी."

"नवीच आहे, साहेब. तीन वर्षं वॉरंटी."

"मंग अदंत म्हना ना सरळ."

खुशालरावांकडे एके काळी तीन बैलजोड्या होत्या, आणि बैलाचं वय ते दात मोजून सांगत. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले. पण खुशालरावांच्या डोक्यातला गोठा काही रिकामा झाला नाही. दोन डिस्क बरोबरीने काम करतात एवढं एकदा कानावर पडल्यावर त्यांनी बाकीचं काही ऐकलंच नाही.

इनायतचाचा म्हणाले, "साहेब, एक या कंपनीची घ्या, एक दुसरीची. दोन्ही एकसारख्या नोका घेऊ."

"काहून? गवळाऊसंगं जर्सी जुंपते का कोनी?"

एवढ्यात खुशालरावांची नजर डिस्कवरच्या नंबरांवर गेली. शेवटचा आकडा एकीचा सात, दुसरीचा आठ. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अबे, हे तं एकाच वेताचे हायेत! जुळे!"

"म्हनूनच भेव वाटते ना, साहेब," चाचा म्हणाले. "जिनिंगमंदी आमी एकाच थानाचे दोन पट्टे लावले होते. दोन्ही एकाच दिवशी तुटले. एक माह्या डोक्यावरून गेला." आणि पुरावा म्हणून त्यांनी टोपी काढून मान खाली घातली. दुकानदारानेही वाकून वण पाहिला.

"बरा झाला ना?" खुशालरावांनी विचारलं. "मंग झालं तं." आणि जुळी जोडी पिशवीत गेली.

इनायतुल्ला चाचा अकोल्याचे. वय चोपन्न. "रिटायर व्हायले अजून टाइम हाये" असं ते नेहमी म्हणत. कुठून रिटायर व्हायचं ते कधी सांगितलं नाही. वीस वर्षं ते एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. आधी कापूस यायचा कमी झाला, मग मालक यायचा कमी झाला, आणि एक दिवस भोंगा वाजलाच नाही. त्यानंतर चाचांनी स्टोव्ह दुरुस्त केले, कूलरच्या मोटारी दुरुस्त केल्या, आणि एका डॉक्टरकडे पंखा बघायला गेले ते तिथला बंद पडलेला कॉम्प्युटर चालू करून आले. कसं काय, म्हणून विचारलं तर म्हणत, "मशीनच हाये ना, बाप्पा. कुठं ना कुठं काहीतरी फिरतच असंल."

हार्ड डिस्कमध्ये खरंच काहीतरी फिरतं, म्हणून चाचांचा जीव हार्ड डिस्कवर बसला. बाकीचे पार्ट त्यांना परके वाटत. "फिरत नाही त्याचा भरोसा काय?"

लिनक्स ते एका झेरॉक्स पुस्तकावरून शिकले. पुस्तक लाल कापडात बांधून घेतलेलं, अकोल्याहून येताना कायम सोबत. शिवाय एक वही. वहीत समजावणी उर्दूत, उजवीकडून. कमांड इंग्रजीत, डावीकडून. आणि पानाच्या मधोमध दोघांची भेट होई तिथे चाचांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा. डिस्क आजारी आहे हे कॉम्प्युटर पडद्यावर लिहून सांगतो, पण चाचांना लेखी तक्रार पटत नसे. ते पेचकसाचं टोक डिस्कवर ठेवत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि सांगत, "खोकून राह्यली."

आमचं मंडळ म्हणजे भूजल निरीक्षण मंडळ, अमरावती. नाव मोठं, खोल्या तीन. त्यात खुशालराव अध्यक्ष, शालिकराम शिपाई, आणि चांदूर रेल्वेच्या शाळेतून थेट टायपिंगच्या परीक्षेत घुसलेला मी, सोहम, नोंदी टाइप करायला. ती वर्षंच तशी होती. वऱ्हाडात पीक येवो न येवो, समित्या भरघोस येत. दर पंधरा दिवसांनी कुठली तरी समिती यायची, शेतकऱ्यांची परिस्थिती समजून घ्यायची आणि जाताना आमचा सर्व्हर बघून जायची. खुशालराव त्यावरचा रुमाल उचलून दाखवत. समितीतले लोक मान डोलवत. रुमाल परत पडे.

खरं काम एकट्या कुंदाताईंचं. त्या कॉलेजात भूगोल शिकवत. घरात सगळे वकील नाहीतर मास्तर, त्यामुळे पुराव्याशिवाय कोणी जेवायलाही बसत नसे. ताईंनी पीएचडीसाठी एकशे चाळीस विहिरी धरल्या होत्या. दर महिन्याला प्रत्येक विहिरीत दोर सोडायचा, पाणी किती खाली गेलं ते मोजायचं. त्यांच्या गाइडचा नुसत्या आकड्यावर विश्वास नव्हता, म्हणून दर वेळी दोरासकट विहिरीचा फोटो. पाच वर्षांत आठ हजारांवर फोटो झाले. कागदी रजिस्टरं खुशालरावांनी रद्दीत घातली होती, कारण "कॉम्प्युटर आल्यावर कागद कायले पाह्यजे?" ताईंनी घरी सीडी करून ठेवल्या होत्या, त्या गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत पापडासारख्या वाकल्या. उरला फक्त सर्व्हर. त्यात दोन डिस्क, उजवी आणि डावी. जे उजवीवर लिहिलं जाई तेच डावीवर. एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत.

"म्हंजे जोडी," खुशालराव म्हणाले होते.

"जोडीच, पन उलटी," चाचांनी सांगितलं होतं. "बैल दोघं मिळून एक बंडी ओढतात. ह्या दोघी एकेकटीनं पुरी बंडी ओढतात."

आता दोन्ही भरत आल्या होत्या आणि डावी खोकत होती. चाचांचा बेत सरळ होता. डावी काढायची, तिथे नवी मोठी बसवायची, चांगल्या उजवीकडून तिला सगळं उतरवू द्यायचं. मग उजवी काढून दुसरी नवी. खुशालरावांना हे अजिबात रुचलं नाही. "जुन्या बैलासंगं नवा जुंपला का नव्याले खोडी लागतात."

"लागूच द्यायच्या हायेत, साहेब. जुन्याचं समदं आलं पाह्यजे त्याच्यात."

शनिवार ठरला. २००७ सालचा मे महिना. चाचांची पॅसेंजर मूर्तिजापूरच्या पुढे कुठेतरी उभी राहिली, आणि इकडे खुशालरावांनी अकरा वीसचा मुहूर्त काढून ठेवलेला. मी म्हणालो, "चाचांना येऊ द्या." ते म्हणाले, "मुहूर्त का पॅसेंजरनं येते?" शालिकराम आयुष्यभर कूलर उघडत आलेला माणूस. त्याने चार मिनिटांत दोन्ही जुन्या डिस्क काढल्या आणि नवी जुळी जोडी बसवली. जुन्या-नव्याची गाठच नको, एकदम नवी जोडी जुंपायची. हळद, कुंकू, नारळ. बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि थांबली.

"काय म्हन्ते?" खुशालरावांनी विचारलं.

"काहीच सापडत नाही म्हणतंय."

"नव्या घरात कोनाले लवकर सापडते? थांबा जरासं."

आम्ही थांबलो. तासभराने चाचा घामाघूम होऊन दारात आले. पडदा पाहिला, आमची तोंडं पाहिली, नारळाची करवंटी पाहिली.

"जुन्या कुठं हायेत?"

जुनी जोडी शालिकरामच्या ताब्यात होती. चार वर्षं राबलेल्या जनावराला गोठ्यातून सोडताना आंघोळ घालून सोडतात, ही त्याच्या घरची रीत. तो मागच्या नळावर बसला होता. जोडीत मान उजव्याचा, म्हणून त्याने उजवी आधी घेतली होती. कपड्याचा साबण लावून, नुकत्याच फोडलेल्या नारळाच्या शेंडीने घासून, तिला त्याने उन्हात पुसून ठेवलं होतं. डावी ताटात होती, पाळी यायची होती.

चाचांनी तांब्याभर पाणी मागून प्यायलं. मग विचारलं, "दुसरी धुतली?"

"नाही ना, चाचा. लावतच होतो साबन."

चाचांनी ती डिस्क दोन्ही हातांनी उचलली, कुराण उचलावं तशी नाही, पण आजारी कोंबडी उचलावी तशी नक्की.

धुतलेली चालू करून बघू, असं खुशालराव म्हणाले. चाचा म्हणाले, "पानी आत गेलं असंल तं थे बी जाईन अन् मशीन बी जाईन." खुशालरावांनी मग भिंतीवरच्या कॅलेंडरात मुहूर्त पुन्हा तपासला.

एक वाजता कुंदाताई कॉलेजातून आल्या. चाचांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी पाच वर्षं आता कुठे आहेत, चाचा?"

"हिच्यात."

"खोकणारीत?"

"हो, ताई. एक बार उठंल ते पक्कं. दोन बार उठंल का नाही, खुदा जाने. एका बारीत समदं नव्यात उतरवून घ्या लागते."

"किती वेळ लागेल?"

चाचांनी वही काढली. घाई केली तर डिस्क तापणार, तापली की खोकणार. सावकाश चालवली तर साडेचार तास. आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. अमरावतीत त्या उन्हाळ्यात वीज सलग तीन तास टिकली तर लोक शेजाऱ्याला उठवून सांगत. आमचा यूपीएस वीस मिनिटांचा, तोही खुशालरावांचा मोबाइल चार्ज करून दमलेला.

खुशालरावांनी जनरेटरसाठी अकरा फोन केले. लग्नसराई. एक माणूस तर हसलाच.

तेव्हा चाचा खाली पाहत म्हणाले, "उद्या अकोल्याले आमच्या भावाच्या पोरीची, तुबाची शादी हाये. जनरेटर मीच ठरवला हाये. माह्याच ताब्यात राहीन. सकाळपासून संध्याकाळलोक."

"लग्नात न्यायचा सर्व्हर?" मी विचारलं.

"ह्या दिवसांत दुसऱ्या कोन्त्या जागी बत्ती राह्यते, सांग बरं."

रविवारी पहाट फुटता फुटता आम्ही खुशालरावांच्या जीपने निघालो. सर्व्हर मागे गादीवर. डिस्क चाचांच्या मांडीवर, उशीत. कुंदाताई पुढे बसून प्रत्येक खड्डा आधीच जाहीर करत होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला चाचा सीटवरून अर्धे उठत होते. पंच्याण्णव किलोमीटर माणूस असा अधांतरी बसून आला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मांडव एका शाळेच्या मैदानात होता. बिर्याणीच्या मोठाल्या देगा चुलीवर चढल्या होत्या. चाचांच्या बायकोने, रजियाबींनी, जीपमधून उतरणारा सर्व्हर पाहिला आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हटलं, "सब के शौहर बिर्याणी देख रहे, हमारे वाले डिब्बा देख रहे."

"बेगम, इसमें एक सौ चालीस कुओं का पानी है."

"तो प्याऊ लगा दो!"

नऊ चाळीसला चाचांनी काम सुरू केलं. आधी नव्या डिस्कमध्ये जुनीतल्यासारखेच कप्पे, शेतातल्या वाफ्यांसारखे, पाडले. मग नवी जोडीत घेतली. पडद्यावर टक्के दिसू लागले: शून्य पूर्णांक एक. चाचांनी पेचकस कानाला लावला. मांडवातला एकुलता एक चालू कूलर त्यांनी ओढून आणला आणि त्याचं तोंड सर्व्हरकडे केलं. दुसरा कूलर होता, पण जनरेटर जुना. दोन्ही लावले तर बसणार. कोणी नकळत लावू नये म्हणून चाचांनी पक्कडीने त्या कूलरची पिनच कापून खिशात टाकली.

दहा वाजेपर्यंत ही गोष्ट मांडवभर झाली. अकरा वाजता लोक येता-जाता विचारू लागले, "कितना हुआ?" "उनतीस." "अच्छा चल रहा है." एक म्हातारे गृहस्थ दर दहा मिनिटांनी बायकांच्या बाजूला जाऊन टक्के सांगून येत. तिथे कुंदाताई मेंदी लावलेल्या बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या प्रत्येक टक्क्याला डोळे मिटत, आणि आजूबाजूच्या बायकाही, काय आहे ते नीटसं न कळताही, "या अल्लाह" म्हणत.

साडेबाराला पातूरकडची वरात आली. टक्के त्रेसष्ट. ऊन असं की मांडवाचं कापड हाताला चटका देई. नवरदेव नईम, जाड शेरवानी, तोंडावर सेहरा. आत माणूस आहे की नाही हे फक्त ठिबकणाऱ्या घामावरून कळत होतं. त्याच्यासोबत त्याचे मामू. पांढऱ्या मिशा, गळ्यात रुमाल, आवाज ट्रॅक्टरचा. मामूंनी मांडवभर नजर फिरवली आणि त्यांना दिसलं की कूलर आहे, चालू आहे, आणि त्याची सगळी हवा एका डब्याला लागते आहे.

"दूल्हा इधर उबल रहा, और डिब्बे को हवा?"

कोणीतरी दुसरा कूलर दाखवला. मामू स्वतः गेले. वायर हातात धरून उभे राहिले. "कूलर है, वायर है. पिन किधर गई?"

चाचा पडद्याकडे पाहत होते. त्यांचा एक हात खिशात होता.

"पहले हवा, फिर निकाह," मामूंनी जाहीर केलं आणि खुर्ची उलटी करून बसले.

मुलीचे वडील अजहर धावत चाचांकडे आले. "भाईजान, मेरी इज्जत का सवाल है. कूलर घुमाव ना उधर."

चाचांनी डिस्कला पेचकस लावला. ऐकलं. मग हळूच कूलर वीतभर फिरवला आणि पुन्हा ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कूलर होता तसा केला. मी पडदा पाहिला. एकाहत्तरवर आकडा अडकला होता, पुढे सरकत नव्हता. कुंदाताई बायकांच्या बाजूने उठून आल्या होत्या. एका हाताने त्यांनी मांडवाची दोरी धरली होती.

"चाचा," त्या म्हणाल्या, "लग्न मोडू नका माझ्यासाठी."

"मोडत नाही, ताई. थांबा." आकडा सरकला. एकाहत्तर पूर्णांक दोन. चाचांनी श्वास सोडला आणि अजहरमियांना म्हणाले, "कूलर दूल्हे के पास नहीं जाएगा. दूल्हे को कूलर के पास लाव."

मग चार जणांनी गादी उचलली, तक्के उचलले, नवरदेवाला उठवलं, आणि सगळा थाट सर्व्हरच्या शेजारी आणून मांडला. नईमच्या सेहऱ्याच्या माळा वाऱ्यावर उडाल्या आणि पहिल्यांदाच आत एक हसरा मुलगा दिसला. मामूही आले. थंड हवेत त्यांचा आवाज उतरला. त्यांनी डब्यावर हात ठेवला.

"ये है क्या?"

"कॉम्प्युटर," अजहरमियां म्हणाले.

"किसका?"

अजहरमियां दोन रात्री झोपले नव्हते, आणि जन्मभर अदबीत वाढलेले होते. घरातली कोणतीही वस्तू पाहुण्याने विचारली तर एकच उत्तर द्यायचं असतं, ते त्यांनी दिलं: "आपका ही समझिए."

मामूंनी मान डोलावली. "इसकी जरूरत नहीं थी," ते म्हणाले, आणि डब्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. काझीसाहेब बसले. तुबाचा होकार घेऊन साक्षीदार आले तेव्हा टक्के एक्क्याण्णव. नईमने तीनदा "कबूल है" म्हटलं तेव्हा त्र्याण्णव. खारका उधळल्या, त्यातली एक कीबोर्डवर पडली आणि चाचांचा जीव गेला नि परत आला. गळाभेटी सुरू होत्या. मामू खुशालरावांना मिठी मारून विचारत होते, आप कौन, आणि खुशालराव सांगत होते, "मी बैलवाला." ते असं का म्हणाले मला माहीत नाही. दोन वाजून बावीस मिनिटांनी आकडा शंभर झाला.

चाचांनी खिशातून पिन काढली, दुसऱ्या कूलरला जोडली आणि लावला. मांडवात टाळ्या पडल्या. कुंदाताई खाली बसून रडत होत्या की हसत होत्या, त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

"चलो, सामान गाडी में रखो," मामू म्हणाले, आणि दोन दांडगे पोरगे सर्व्हर उचलायला वाकले.

"अहो! हे माझं आहे!" कुंदाताई किंचाळल्या.

"दुल्हन के अब्बा ने दिया है."

दिलेला शब्द परत कसा घ्यायचा हे अजहरमियांना कोणी शिकवलं नव्हतं.

"यात विहिरी आहेत फक्त," ताई म्हणाल्या. "मी मोजलेल्या. तुमच्या काय कामाच्या? तुमचं गाव कोणतं? तुमच्याही गावची असेल यात, बघा." नवरदेवाचं गाव पातूरच्या पुढे चार कोसांवर. ताईंनी नव्या डिस्कवरून फोल्डर उघडला, नाव शोधलं, मे २००४. फोटो आला. दोर, दगडी काठ, खाली चमकणारं पाणी. शेतमालक म्हणून नईमच्या वडिलांचं नाव. "बघा. नऊ मीटरवर पाणी. मी स्वतः दोर सोडला होता."

मामू वाकले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"बाई, हे आमची विहीर नोय."

"तुमच्या भावजींनीच दाखवली."

"दाखवली असंल. हे बाजूच्या वावरातली हाये. हा उंबर पाह्यला का? आमच्या विहिरीवर उंबर कुठला? आमची तं तवा ठन्न कोरडी होती. पोट्टे आत उतरून गोट्या खेळत."

"मग मला दुसऱ्याची का दाखवली?"

मामूंनी एकदा नईमकडे पाहिलं, एकदा काझीसाहेबांकडे. "आता निकाह झाला, आता सांगाले काय हरकत हाये? घरात दोन पोट्टे लग्नाचे होते. तुमी आल्या कागद घेऊन, फोटो काढून राह्यल्या. कोरडी विहीर कागदावर चढली का गावोगाव बोभाटा. मंग त्या घरात पोरगी कोन देईन?"

पोरगी नुकतीच दिलेले अजहरमियां तिथेच उभे होते.

"मतलब," ते हळू म्हणाले, "कुआं सूखा है?"

"समधी, नल है ना! टंकी है!"

अजहरमियांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी वहीकडे पाहिलं. बोलल्या त्या रजियाबी. बायकांच्या बाजूच्या पडद्याआडून त्यांचा आवाज आला, "सूखा है तो अच्छा ही है. लड़की को कुएं में थोड़ी भेज रहे हैं."

कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, अजहरमियां सगळ्यांत शेवटी. पण कुंदाताई हसल्या नाहीत.

"मामू, तुमच्या गावात असं आणखी कोणी केलं?"

"ज्याच्या घरी लग्नाचं पोट्टं होतं त्या समद्यांनी."

"आणि बाकीच्या गावांत?"

"बाकीच्या गावात का लग्नं होत नाहीत?"

ताई नवरदेवाच्या गादीच्या कोपऱ्यावर बसल्या. "चाचा," त्या म्हणाल्या, "हे सगळं चुकीचं उतरलं?"

"नाही, ताई." चाचा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मशीनवर कोणी ठपका ठेवला की ते नेहमी असेच बसत. "मशीननं बराबर उतरवलं. जे होतं थे पुरं आलं. चूक बी पुरी आली, एक ठिपका कमी नाही. हिच्यावर हाये तशीच तिच्यावर हाये."

ताईंनी पर्स उघडली, पेन काढलं आणि लग्नाच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला रेघ मारली. "मामू, बसा. २००४ साली तुमच्या गावात लग्नाचे मुलगे कोणाकोणाकडे होते?"

मामूंना याहून आवडीचा विषय नव्हता. डबा गाडीत न्यायचं विसरून ते मांडी घालून बसले आणि बोटं दुमडत घरं सांगू लागले. तिसऱ्या घरालाच पडद्याआडून रजियाबींनी अडवलं, "उसकी मंगनी तो उसी साल टूटी थी." पातूर ते बाळापूर कोणाची सोयरीक कधी जुळली नि कधी मोडली, हे त्यांच्याइतकं कोणत्याही सर्व्हरला माहीत नव्हतं. मग बायकांच्या बाजूने दुरुस्त्या सुरू झाल्या. चाचांनी तपासणीसाठी एकेक फोटो लावायचा, मामूंनी "आपली" किंवा "बाजूची" म्हणायचं, ताईंनी खूण करायची आणि मी टाइप करायचं. खुशालराव प्रत्येक फोटोत विहिरीवर बैल दिसतो का ते बघत होते. दुसरी जुळी डिस्क कधी बसवायची, यावर त्यांचं नि चाचांचं अजून एकमत व्हायचं होतं.

साडेचार झाले. सजवलेली गाडी तीनदा भोंगा वाजवून थकली. शेवटी तुबाच आली, लग्नाच्या लाल पेहरावात, दोन बहिणींच्या आधाराने, आणि घुंगटाआडून म्हणाली, "बडे अब्बा, मेरी बिदाई आज होगी की नहीं?"

"बस, बेटा," चाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुम्हारे गाँव की तीन विहिरी राह्यल्या फक्त."

मग ते उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली, मैदानाच्या टोकाला जाऊन जनरेटरच्या टाकीत काडी बुडवून तेल मोजलं, आणि तिथूनच ओरडून सांगितलं की डिझेल पाऊण तास पुरेल.